कोनाड्यातली आगपेटी

माझ्या धाकट्या भावाने दिग्रसला बिअरचं दुकान काढलं. दुकान म्हटलं की त्याला राग येतो, म्हणून मी मुद्दाम म्हणते. त्याच्या मते ती क्राफ्ट बिअर आहे, मागच्या खोलीतल्या स्टीलच्या टाक्यांत थोडी थोडी, स्वतः लक्ष घालून बनवलेली. दहा वर्षं पुण्याला नोकरी करून परतलेल्या माणसाला असं काहीतरी होतंच. कुणी योग शिकवतं, कुणी ड्रॅगन फ्रूट लावतं. ह्याने बिअर काढली, आणि तीही बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात, जिथे आमच्या बाबांनी चाळीस वर्षं सुपरवायझरचं काम केलं.

गावाने त्याची परीक्षा पहायची ती पाहिली. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने संत्र्याच्या सालीची बिअर अर्धा ग्लास पिऊन विचारलं, "भाऊ, हे तं सरबत हाये. स्ट्राँग नाही का काही?" भावाने त्याला बार्लीबद्दल, पाण्याबद्दल आणि सालीबद्दल पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. त्या माणसाने शांतपणे चना मसाला संपवला आणि समोरच्या साध्या बारमध्ये गेला. तरी हळूहळू लोक येऊ लागले. बँकेतले, तहसीलमधले, पुसदहून मुद्दाम गाडी काढून येणारे.

फक्त एक माणूस येत नव्हता. बाबा आणि भाऊ एकाच घरात राहतात, एकाच वेळी जेवायला बसतात. पण आठ महिन्यांत बाबांनी त्या जागेचं नाव काढलं नाही. सोयाबीनचा भाव, नळाचं पाणी, शेजाऱ्याचं कुत्रं, सगळं बोलून व्हायचं. 'धंदा कसा चालला' एवढं मात्र कधी नाही. भाऊ चाळिशी ओलांडलेला, दाढीत पांढरे केस आलेले, पण एकदा फोनवर मला म्हणाला, "ताई, बाबांनी एकदा येऊन शिव्या देल्ल्या तरी मले चालते. पण एकदा यावं." मला त्याची दया आली आणि बाबांचा रागही आला. माझं असंच आहे, दया आली की सोबत कुणाचा तरी राग येतो.

म्हणून मी पुसदहून एस.टी. धरली आणि घरी पोचताच थाप मारली. "बाबा, तो जिनिंगमधलं जुनं मशीन भंगारात काढून राह्यला म्हणे. सोमवारी ट्रक येणार हाये." शिक्षिकेने खोटं बोलू नये, पण मी आता रिटायर आहे.

बाबा ताडकन उठले. "कोणतं मशीन? माहं डबल रोलर? त्याले अक्कल हाये का?" त्यांनी टोपी घातली, खिशात बिडीचं बंडल आणि आगपेटी आहे का ते चाचपलं, आणि माझ्यापुढे चालू लागले. दिवसाला दोनच बिड्या, अशी परवानगी त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली आहे.

संध्याकाळचे पाच वाजले असतील. गोदामाच्या दारात बाबा थांबले. मला वाटलं, आता परत फिरतात. पण ते उजव्या भिंतीकडे वळले. तिथे छातीइतक्या उंचीवर एक कोनाडा आहे. भावाने त्यात निवडुंगाची कुंडी ठेवली होती. बाबांनी कुंडी उचलून खाली ठेवली, खिशातली आगपेटी काढली आणि कोनाड्यात ठेवली. मग आत गेले.

जिनिंगचा हा नियम मी लहानपणापासून ऐकत आले. आत कापसाच्या गंज्या, हवेत उडणारे तंतू. एक काडी पेटली तर वर्षाचा माल राख. म्हणून दाराशीच, ह्या कोनाड्यात, प्रत्येकाची आगपेटी काढून ठेवायची, मालकाचीसुद्धा. आणि सगळ्यांच्या आधी बाबा स्वतःची ठेवायचे. जिनिंग बंद होऊन बारा वर्षं झाली होती, पण हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आत दिवसाही अंधारच असतो. त्यामुळे, आणि पुण्याची हौस म्हणून, भावाने प्रत्येक टेबलावर मेणबत्ती लावलेली. मशीन पुसूनबिसून चकचकीत करून मध्ये उभं केलेलं. बाबांनी मशीनकडे पाहिलंच नाही. ते पहिल्या टेबलाशी गेले आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. मग दुसरी. तिसऱ्या टेबलावर एक जोडपं बसलं होतं, त्यांच्या मधोमध वाकून तिसरी. मुलीने घाबरून स्वतःचा ग्लास बाजूला ओढला. बँकेतले दोघे हसले, मग बाबांचा चेहरा पाहून आपापल्या ग्लासात पाहू लागले.

"कोणं लावल्या ह्या?" बाबा ओरडले. "समजत नाही का? कापसात..."

आणि ते थांबले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. टेबलं, खुर्च्या, ग्लास. कापूस कुठेच नव्हता. विझलेल्या वातींचा धूर तेवढा वर चालला होता. बाबा इतके म्हातारे मला त्याआधी कधी दिसले नव्हते. मी त्यांना इथे आणलं याची मला लाज वाटली.

भाऊ काउंटरमागून बाहेर आला. मला भीती होती की हा आता समजावून सांगेल, कापूस गेला, काळ बदलला वगैरे. समजावून सांगण्याची त्याला खोड आहे. पण तो म्हणाला, "चुकलं माह्यं, बाबा." मग उरलेल्या दोन मेणबत्त्या त्याने स्वतः विझवल्या, भिंतीवरचे दिवे लावले, खिशातून लायटर काढला आणि दाराशी जाऊन बाबांच्या आगपेटीशेजारी कोनाड्यात ठेवला.

बाबा खुर्चीवर बसले. "मशीन कायले विकतं?" त्यांनी विचारलं.

"कोण विकते?" भाऊ म्हणाला, आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी मेन्यूकार्ड वाचत होते.

बाबांनी लिंबू सरबत घेतलं, तेही बिअरच्या ग्लासात, कारण दुसरे ग्लास तिथे नव्हतेच. मी संत्र्याची बिअर चाखली. आजारपणातल्या काढ्यासारखी कडू लागली. ग्लास संपला हा भाग वेगळा.

आता बाबा रोज पाचला तिथे जातात. दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाची आगपेटी, लायटर काढून कोनाड्यात ठेवायला लावतात. तहसीलचे साहेबही कुरकुरत देतात. निघताना ज्याची वस्तू त्याच्या हातात, आजवर एकदाही चूक नाही. सात वाजले की घरी. एक थेंब चाखलेला नाही. मी फोनवर डिवचलं, "बाबा, रोज बारमधी जाता म्हणे?"

"बारमधी कोण जाते?" ते म्हणाले. "मी जिनिंगमधी जातो."

परवा भावाचा फोन आला. माझी पोळी तव्यावर होती. म्हणाला, "ताई, काल जेवताना बाबांनी इचारलं, आज लोकं कमी होते, काहून?"

"मग?"

"मग काही नाही. एवढंच इचारलं."

"एवढं सांगायले फोन केला? माही पोळी जळून राह्यली."

तो हसला, आणि बाबांचं ते वाक्य त्याने मला पुन्हा एकदा म्हणून दाखवलं, थेट बाबांच्या आवाजात. मी गॅस बंद केला आणि पुन्हा ऐकलं.