दोन छटाकांची चोरी

"चोटी खोल," मुनीम म्हणाला.

मी अकरा वर्षांची होते. शेठच्या ओट्याखाली उभी. ओट्यावर मोठा तराजू, तराजूत आमच्या टोपलीतल्या सुताच्या कांड्या. माझ्यामागं टोपल्या घेतलेल्या पंधरा-वीस बाया. शेजारी माझी माय.

वजन कमी भरलं होतं. दोन छटाक तूट. तूट आली की झडती, हा तिथला रिवाज. बाईनं पदर झटकायचा, ओटी उलटी करायची. पोरीनं परकराचा घेर झटकायचा. वेणी सोडायला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मला वाटलं, गंमत करतोय. माझी वेणी म्हणजे उंदराची शेपूट. घरात सगळे तेच म्हणायचे, आणि खोटं नव्हतं.

मी वेणी सोडली. टोकाचा गोंडा मुनीमच्या हातात आला. सुताचा गोंडा.

मुनीमनं तो दोन बोटांत धरून वर केला. मेलेली पाल धरावी तसा. "देखो शेठजी. चोर तो घर से ही सजके आती है."

बाया हसल्या. रखमाकाकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या, त्याही हसल्या. शेठ हसला नाही. नुसतं "काट लो" म्हणाला आणि पान लावत बसला. आमची त्या आठवड्याची निम्मी मजुरी गेली.

आणि मायनं माझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. एवढ्या जोरात की केस तोंडावर आले, आणि बरंच झालं, कारण मला रडताना कोणी पाहिलं नाही.

आता त्या गोंड्याचं सांगते. घरी सूत भरायच्या रहाटाच्या बुडाशी तुटलेल्या सुताचा गुंता पडायचा. तो कोणी परत घेत नसे. माय झाडून चुलीत टाकायची. वर्गातल्या पोरींना रिबिनी होत्या. मी त्या गुंत्याला पीळ दिला, हळदीत बुडवला आणि वेणीला बांधला. आरशात पाहून स्वतःवर खूशही झाले होते. तोळाभरही सूत नसेल त्यात. तूट दोन छटाकांची, म्हणजे दहा तोळ्यांची. बाकीचे नऊ तोळे मी कुठं लपवले होते? नाकात? पण हे तिथं कोणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. चोर म्हटल्यावर माणसाला आधी आपणच चोर वाटायला लागतो.

आमचं काम कांड्या भरायचं. बुऱ्हाणपुरात माग पुष्कळ. मागावर धोट्यात जी सुताची नळी बसते ती कांडी. शेठकडून सुताच्या लडी आणायच्या, घरी रहाटावर नळ्यांवर भरायच्या, परत नेऊन द्यायच्या. रिकाम्या नळ्यांचं वजन वजा करून ते सूत तोलून घ्यायचे; दिलं होतं तेवढंच भरायला हवं.

शेठच्या कारखान्याच्या पडवीत काही पुरुषही हेच काम करत. तीच लडी, तीच नळी, तोच रहाट. त्यांना मजुरी आमच्या दुप्पट. मायनं एकदा विचारलं होतं. शेठ म्हणाला, "बाई, तुम्हारा तो घर बैठे काम है. ना धूप, ना धूल. बच्चे भी देखो, रोटी भी सेंको, पैसा भी लो. और क्या चाहिए?"

घरबसल्या. हा शब्द आमच्या गल्लीत आशीर्वादासारखा बोलला जायचा. लेक देताना लोक सांगायचे, पोरीला घरबसल्या काम आहे.

घर एका खोलीचं. रहाट मधोमध, आम्ही कडेकडेनं. रॉकेल आमचं. रहाटाची माळ तुटली तर नवी आमची. वरणात सुताची कुसं. धाकटी बहीण खोकायची तर आधी कफ यायचा आणि मग त्यात तंतू. मी शाळेतून आले की रहाटावर, माय स्वयंपाकाला. मायचं झालं की ती रहाटावर, मी भांड्याला. बाप तेव्हा नेपानगरला कागदाच्या कारखान्यात लागला होता. आठवड्यानं यायचा आणि कौतुकानं सांगायचा, भोंगा वाजला की हात थांबवायचे. आम्ही ऐकत बसायचो. हात थांबवायचे म्हणजे काय, हे आम्हाला कळायचं नाही. आमच्या घराला भोंगा नव्हता.

त्याच सुमाराला राज्यांची नवी वाटणी झाली. आमची राजधानी नागपूर होती, ती भोपाळ झाली. शाळेत गोड खाऊ वाटला. सगळे एक झाले, गुरुजी म्हणाले. मी घरी येऊन मायला सांगितलं. ती म्हणाली, "राजधानी बदलली का? बरं झालं. तराजू तोच आहे."

त्या थोबाडीनंतर माय आठ दिवस शेठकडे गेली नाही. अंग दुखतं म्हणाली. सूत आणायला मला पाठवलं. एरवी मी ओट्याशीच थांबायची, पण त्या दिवशी हमाल नव्हता. मुनीम म्हणाला, "नीचे से उठा ले."

मी तळघरात उतरले. अंधार, थंडावा. लडींच्या थप्प्या, आणि त्यांच्यावर गोणपाटं. ओली. टपटप पाणी गळत होतं. सूत कडक होऊन तुटू नये म्हणून, असं म्हणायचे. मी लडी वर आणल्या. मुनीमनं तशाच तोलल्या आणि तशाच टोपलीत टाकल्या.

टोपली डोक्यावर घेऊन निघाले. वाटेत कपाळावरून पाण्याचा ओघळ आला, नाकाच्या शेंड्यावर थांबला. हात टोपलीला. जीभ काढून चाटायला गेले, पोचली नाही. समोरून वर्गातली पोरगी येत होती, तिनं ते पाहिलं आणि चार दिवस मला पाल म्हणून हाक मारली. माझ्या आयुष्यात शहाणपण आलं ते असं, नाकावरून ओघळत.

घरी आल्यावर मायनं नेहमीसारख्या लडी अंगणात दोरीवर टाकल्या. ओलं सूत कांडीवर भरलं तर त्याला बुरशी धरते, म्हणून आधी वाळवायचं. दोरीखाली मातीत एक लांब ओला पट्टा उमटला. मी त्याच्याकडं बघत उभी राहिले. आमची दोन छटाकांची चोरी तिथं जमिनीत मुरत होती.

मी ओरडतच आत गेले. "माय! सूत आपण नाही चोरत व! पाणी आहे ते! ते पाणी तोलून देतात!"

माय भाकरी थापत होती. मान वर केली नाही.

"आता कळलं तुला? मला या घरात आली तेव्हापासून माहीत आहे. रखमालाही आहे. साऱ्या गल्लीला आहे."

मी म्हटलं, "तर मग मला काहून मारलं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तू चोर निघाली तर काम राहतं. शेठ चोर निघाला तर काम जातं."

त्या थोबाडीनं लागलं नव्हतं एवढं हे लागलं. मला वाटायचं आम्ही अडाणी आहोत म्हणून फसतो. आम्ही अडाणी नव्हतो. सगळ्या जणी सगळं जाणून पदर झटकत होत्या. माझ्यावर हसल्या त्यासुद्धा.

पुढच्या खेपेला कांड्या भरून झाल्या. मी कोणाला न सांगता गोणपाट भिजवलं, टोपलीला गुंडाळलं, वरून चार तांबे पाणी मारलं. सकाळी टोपली घेऊन एकटीच ओट्याशी गेले.

मुनीमनं तोललं. तूट नाही. उलट तोळाभर जास्त. मोजमापात मी कच्चीच, पाणी जरा जास्त झालं होतं.

शेठ पान तोंडात टाकता टाकता थांबला. "सूत बढ़ कैसे गया?"

"तुमच्या तळघरात वाढतं तसंच, शेठजी."

मुनीमनं कांडी दाबली. पाणी निघालं. "ये तो गीला है!"

"जसं दिलं तसं आणलं."

मागं टोपल्या घेऊन बाया उभ्या होत्या. मुनीम लाल झाला. त्याला दुसरं काही सुचलं नसावं, म्हणून म्हणाला, "चोटी खोल."

खरं सांगते, शूर वगैरे मी नव्हते. परकराची नाडी तेवढी घट्ट धरून ठेवली होती.

"नाही खोलत," मी म्हटलं. "आधी तळघरातली गोणपाटं काढा. मग तोला. मग झडती घ्या, आधी मुनीमची."

मी मागं वळून पाहिलं. रखमाकाकू आपल्या टोपलीकडं बघत होत्या. बाकीच्याही. एकीनंही मान वर केली नाही.

शेठनं पान तोंडात टाकलं. मुनीमला म्हणाला, "इनके घर आज से सूत नहीं जाएगा."

घरी येऊन सांगितलं. माय रहाटाशी बसली होती. रिकामा रहाट तिनं एकदा नुसता फिरवला. मला वाटलं, आता मारते. तिनं मला पुढ्यात ओढलं, केस विंचरले, आपल्या लुगड्याचा काठ टरकन फाडला आणि माझ्या वेणीला बांधला.

"उद्या लवकर ऊठ," म्हणाली. "दापोऱ्याला केळीच्या मळ्यात जायचं आहे. घड सुताहून जड असतो."

ऊन लागलं. धूळ लागली. माझी शाळा सुटली ती सुटलीच. ओट्यावर बाया पदर झटकत राहिल्या. रखमाकाकू पुढं दोन वर्षं आमच्याशी बोलल्या नाहीत, कारण त्यानंतर शेठ पोरींच्या वेण्या रोजच सोडायला लावत होता. माझ्या एका उत्तराची किंमत दुसऱ्यांच्या पोरींनी भरली. हे मी विसरलेले नाही. एकटीनं नाही म्हटलं की असं होतं.

आज माझे केस उंदराच्या शेपटीएवढेही उरले नाहीत. गल्लीत सूत अजून येतं. परवा सूत वाटणारा एक आडत्या दारात आला. गोड बोलणारा. "मावशी, सुनेला घरबसल्या काम देतो. घरबसल्या आहे, म्हणून भाव थोडा कमी."

माझ्या दाराच्या चौकटीला वजनाचा काटा टांगलेला आहे. पोरं हसतात, आईनं किराणा दुकान काढलं म्हणतात. हसू द्या. या वेळी मी एकटीनं उत्तर दिलं नाही. त्याला दारात थांबवून आधी गल्लीतली अकरा दारं ठोठावली, रखमाकाकूंच्या सुनेचं पहिलं. अकराजणी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा आडत्याला सांगितलं:

सूत आधी दोरीवर वाळेल. मग या काट्यावर चढेल. मग उंबरा ओलांडेल. कारखान्यात जो भाव, तोच इथं. खोली आमची, दिवा आमचा, खोकला आमचा.

तो निघून गेला. अजून परत आलेला नाही. चुली थंड होतील, हे आम्हाला ठाऊक आहे. काटा तिथंच राहील. आमच्या कोणाच्या पोरीची वेणी सुटणार नाही.