हिरव्याचं घर

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुष्काळाचे दिवस होते. नव्या नोकरीवर रुजू व्हायला मी मुखेडहून लातूरच्या बसनं निघालो, तेव्हा शेजारी एक म्हातारे पाद्री बसले होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मांडीवरच्या जाड पुस्तकात ते उजवीकडून डावीकडं बोट फिरवत होते आणि मधेच स्वतःशी हसत होते.

“उर्दू का?” मी विचारलं.

“न्हाई, हिब्रू. हे बघा, येरेक. देवानं जनावरांना दिलेला हिरवा पाला. अन् याच शब्दाच्या घरातला येराकोन, म्हणजे पिवळं पडणं. पीक असो की भ्यालेलं तोंड.”

जळकोटच्या अलीकडं इंजिन तापलं आणि बस थांबली. रस्त्याकडेची ज्वारी पार पिवळी पडली होती. पुढच्या बाकावरची शेतकरी बाई आमचं बोलणं ऐकत होती. ती म्हणाली, “मग बाबा, ही ज्वारी यातली कोणती म्हणायची?”

पाद्री लगबगीनं उतरले. ज्वारीचं एक ताट उपटून त्यांनी शेंड्याचा मिटलेला पोंगा उलगडला. आतलं पान कोवळं, हिरवं होतं.

“बघ माय, पिवळ्याच्या पोटात हिरवं हायच!”

“हाय की. पण तुम्ही ते उपटलं न्हवं!”

सगळी बस हसली. पाद्री आधी ओशाळले, मग सगळ्यांहून मोठ्यानं हसले. खाली बसून त्यांनी हातानं माती उकरली, ताट परत रोवलं आणि आपला प्यायच्या पाण्याचा तांब्या त्याच्या बुडाशी रिता केला.

बाईनं खिडकीतून स्वतःचा तांब्या पुढं केला.

“घ्या, आता तुम्ही बी प्या. पटला तुमचा शब्द.”