लाल फितीची तार

शंकाराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत पहिल्याच वर्षी ते पडलं आणि चिकटलं ते कायमचं. कोणी वरून ओरडलं, "मेन बंद केलंय, उतरा खाली," की हे सगळे जिने चढून मशीनच्या खोलीत जाणार, बंद खटका डोळ्यांनी बघणार, त्याला स्वतःचं कुलूप घालणार, किल्ली खिशात टाकणार आणि मगच लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार. साथीदार वैतागायचे. पण अडतीस वर्षांत यांच्या कामावर कोणाला साधं खरचटलंही नाही, हेही तेच साथीदार सांगायचे.

असल्या माणसाच्या गळी देव उतरणं कठीणच. त्यात घरात थोरली बहीण. ताईनं लग्न केलं नाही आणि यांचं टिकलं नाही, त्यामुळे दोघं दोन खोल्यांत एकमेकांना सांभाळून होती. ताई कपडे शिवायची. शिलाई मशीनवर बसण्याआधी रोज सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून प्रार्थना करायची. त्या दहा मिनिटांत शंकारावांच्या जिभेला खाज सुटायची. चहाचा कप घेऊन ते दारात उभे राहायचे.

"काय म्हणतात साहेब? पुरावा पाठवला का काही?"

"तुला अक्कल दे म्हणून सांगितलंय," ताई डोळे न उघडता म्हणायची. "वेळ लागेल म्हणाले."

असं चाळीस वर्षं चाललं. मग ताईला चार पायऱ्या चढून धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप निकामी झाली आहे, बदलावी लागेल. नऊ दिवसांनंतरची तारीख मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं डोळे मिटले आणि अर्ध्या मिनिटात उघडले.

"आज समोर कोणी नव्हतं," ती म्हणाली. "डोळे मिटले की तुझाच आवाज येतोय. पुरावा काय, पुरावा काय. इतकी वर्षं मी हसण्यावारी नेलं, पण ते आत साठत गेलं असणार."

शंकारावांनी चहाचा कप खाली ठेवला. "अगं, मी आपली चेष्टा करत होतो."

"माहीत आहे. पण तू मोडलंस ते तूच जोडून दे. तुझ्याच पद्धतीनं, तर्कानं. मला त्या ऑपरेशनच्या खोलीत एकटीनं जायचं नाहीये रे."

झालं. ज्या गोष्टीची आयुष्यभर टर उडवली, तीच सिद्ध करायची पाळी आली. शंकारावांनी एक वही घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत मशीनच्या खोलीत बसून लिहायला लागले.

इथे त्यांच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. लिफ्टच्या प्रत्येक मजल्याच्या दाराला, दार लागलं की जुळणारा विजेचा एक कॉन्टॅक्ट असतो आणि ते सगळे एका साखळीत जोडलेले असतात. एक दार जरी उघडं असलं तरी लिफ्ट हलत नाही. बिघाड नेमका कुठल्या दारात आहे हे शोधताना दुरुस्तीवाला एकेका कॉन्टॅक्टला वळसा घालून वीतभर तार जोडतो. म्हणजे दार सताड उघडं, पण लिफ्टला वाटतं बंद आहे, आणि ती झोकात चालू लागते. काम संपल्यावर ती तार काढायला विसरणं ही या धंद्यातली सगळ्यात वाईट चूक. म्हणून शंकाराव प्रत्येक तारेला हातभर लाल फीत बांधायचे, लोंबताना दिसावी म्हणून. तार लावलेल्या लिफ्टमध्ये माणूस चढू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. त्या फिती ताईच शिवून द्यायची.

पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं: लिफ्ट आपोआप हलत नाही, मोटर हलवते. मोटरला वीज हलवते, विजेला आणखी काही. असं मागे मागे जाताना कुठेतरी थांबायलाच हवं. थांबतो तिथे तो. वाचून बरं वाटलं. मग पेन्सिल 'थांबायलाच हवं'वर अडली. का हवं? मागे जाऊन जाऊन आपण दमलो म्हणून? उघड्या दारावर घातलेली तार सापडली. पान फाडलं.

मग त्यांनी जगाची घडी हा मुद्दा घेतला. एवढी नेटकी व्यवस्था, तर कोणीतरी बनवणारा हवाच. पण चांगल्या कामाचं श्रेय त्याला दिलं, तर ताईच्या झडपेची तक्रारही त्याच पत्त्यावर जायला हवी. तेही पान गेलं. मग 'मानण्यात तोटा काय' असं लिहून पाहिलं. त्यातून मानणं सोयीचं आहे एवढंच निघत होतं. सोयीच्या तर पुष्कळ गोष्टी असतात.

काम चाललं होतं त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर तर्कशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहायचे. त्यांनी "प्रश्न फार चांगला आहे" म्हणून चहा पाजला, तीन नवे जड शब्द दिले आणि लिफ्ट हल्ली आवाज करते म्हणून तक्रार केली.

सातव्या दिवशी शंकाराव इतके पिसाळले की त्यांनी उलट बाजूनं सुरुवात केली. तो नाहीच, हे सिद्ध करून मोकळं व्हावं. तिथेही मधोमध तार निघाली. स्वतःच्या चाळीस वर्षांच्या चेष्टेत तार, आणि फीतही बांधलेली नाही. त्यांनी पेन्सिल भिंतीवर फेकून मारली.

आठव्या दिवशी मात्र त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. पहिलाच मुद्दा घेतला, फट गुळगुळीत शब्दांनी बुजवली आणि दोन पानं सुवाच्य अक्षरात उतरवून काढली.

नवव्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या खाटेवर ताईनं चष्मा लावून ती वाचली. दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"'आणि हे तर उघडच आहे की,'" तिनं वाचलं. "तुला कधी काही उघड वाटलंय?"

शंकाराव खिडकीचा पडदा सारखा करायला लागले.

"इथे तार आहे ना?"

"आहे," ते म्हणाले, आणि मग त्यांचा बांध फुटला. "आहे तार. नऊ दिवस डोकं फोडतोय. तो आहे म्हणावं तर जुळत नाही, नाही म्हणावं तरी जुळत नाही. मी तरी काय करू?"

"नाही म्हणून पण करून बघितलंस?" ताईला हसू आलं, हसताना धाप लागली. "मग हे सांगायचं की मला. तार आहे याचं काही नाही रे. तू फीत न बांधता माझ्या हातात दिलीस, याचं वाईट वाटलं."

शंकारावांचे डोळे भरून आले. आयुष्यात एकदाच लबाडी केली आणि ती हिच्याशी.

"आहे का खिशात?" तिनं विचारलं.

खिशात एक असायचीच. त्यांनी काढून दिली. ताईनं गाउनची सेफ्टी पिन काढून ती लाल फीत त्या ओळीवर टाचली आणि वही त्यांच्याकडे दिली.

"परत आले की बघू, काढायची की ठेवायची."

"ताई, तारेवर माणूस बसवत नाहीत."

"माहीत आहे. त्या फिती मीच शिवल्यात." तिनं डोळे मिटले. या वेळी लवकर उघडले नाहीत. समोर कोणी होतं का, हे शंकारावांनी विचारलं नाही.

नर्स आली, स्ट्रेचर लिफ्टमध्ये गेलं, दार लागलं. मजल्यांचे आकडे वर चढत गेले आणि शेवटच्या मजल्यावर थांबले. शंकाराव वही घेऊन खाली उभे होते, फीत बाहेर लोंबत होती. अडतीस वर्षांत त्यांनी तारेवर एकही माणूस वर पाठवला नव्हता, आज ताईला पाठवलं होतं. त्यांना भयंकर राग आला, आणि तो काढायचा कोणावर हेही कळेना, कारण ज्याच्यावर काढायचा तो आहे की नाही, हेच त्यांना नऊ दिवसांत सिद्ध करता आलं नव्हतं.