रॅम्पवर ब्रेक

नाशिकच्या एका सरकारी कचेरीत अपंगांसाठी रॅम्प आहे. तो इतका झकास झालाय, की साहेबलोक त्यावरून रोज आपल्या मोटारसायकली व्हरांड्याच्या सावलीत चढवतात. अपंगांच्या पेन्शनचं टेबल अर्थातच वरच्या मजल्यावर, आणि अर्जदाराने तिथे जातीने हजर राहायचं.

मी दाखल्यासाठी गेलो, त्या सकाळी कॉलेजची पोरं कळवणकडच्या काही अपंग माणसांना घेऊन आली होती. त्यांची म्होरकी व्हीलचेअरवरची एक मुलगी. "टेबल खाली आणा," एवढंच ती म्हणाली.

वरून मोठ्या साहेबांनी सांगितलं, "एवढी पोरं आहात, उचलून आणा की त्यांना!"

तिने रॅम्पच्या मधोमध खुर्चीला ब्रेक लावला आणि शेंगा सोलत बसली. घोषणा नाही, फलक नाही. टरफलं मात्र ओढणीत गोळा करत होती. सरकारी जागा घाण व्हायला नको.

कचेरी सुटली. व्हरांड्यात मोटारसायकली अडकल्या.

"ताई, जरा सरका. गाड्या खाली कशा न्यायच्या?" साहेबांनी विचारलं.

तिने शेंग फोडली. "एवढे जण आहात, उचलून न्या की!"

टेबल त्याच संध्याकाळी खाली आलं. मोटारसायकलींचे हाल साहेबांना बघवले नाहीत.