तांबड्या रश्श्यातले बाफले

रिपोर्ट वाचून झाल्यावर डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "नॉनव्हेज कितनी बार खाती हैं आप?"

"हफ्ते में पाँच-छह बार," मी म्हणाले. खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता.

"घर में किसी को हार्ट की तकलीफ?"

"पिताजी को थी. बावन के थे, तब गए."

माझं एकावन्नावं चालू होतं. ते मी बोलले नाही, पण माझं वय समोरच्या कागदावर वर कोपऱ्यात लिहिलेलंच होतं. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, रोज चालायला सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मटन महीने में दो बार. चिकन-कीमा सब उसी में गिनना है."

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या त्या दवाखान्याबाहेर माझा नवरा स्कूटरला टेकून उभा होता. जन्मापासून शाकाहारी माणूस. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "मी सांगतच होतो." त्यानं फक्त हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "आता डब्यात काय नेशील?"

मी कोल्हापूरकडची. आमच्या घरी पानात रस्सा नसला तर जेवण झालं असं कुणी म्हणत नसे. नवऱ्याचं घराणं मराठीच, पण उज्जैनचं, सहा-सात पिढ्या इथेच, आणि त्या घरात कधी अंडंसुद्धा शिजलं नव्हतं. आमचं लग्न आमच्या मर्जीनं झालं, तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली होती: जे शिजवायचं ते स्वयंपाकघराबाहेर. नानाखेड्याच्या फ्लॅटमध्ये मागच्या बाल्कनीत माझी एका बर्नरची शेगडी, दोन पातेली आणि मसाल्याचे डबे असा माझा वेगळा संसार होता. सकाळी लवकर उठून तिथे खिमा नाहीतर सुकं चिकन करायचं आणि डबा भरून ऑफिसला जायचं. रविवारी मटण. तेवढा वेळ सासूबाई आपल्या खोलीचं दार लावून आत उदबत्ती लावत. चोवीस वर्षांत आम्ही दोघींनी त्या विषयावर एक शब्द काढला नव्हता. भांडण असं कधी झालं नाही. बोलणंच झालं नाही.

दवाखान्यातून आल्यावर मी डब्यात पोळी-भाजी न्यायला लागले. दुधी, गिलकी, बटाटा. ऑफिसात आम्ही नकाशे काढतो त्याच टेबलावर दीड वाजता डबा उघडायचा, चार घास खायचे आणि झाकण लावायचं. साडेतीनला पोटात खड्डा पडायचा. पाचला सुटले की टॉवर चौकात कचोरी, कधी दोन, वरून जिलबी. असं दीड महिना चाललं. वजन वाढलं, चिडचिड वाढली. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण एकदा म्हणाली, "दीदी, आजकल आप लंच के बाद किसी से बात ही नहीं करतीं." मला वाटलं, हे कागदावरचं पथ्य माझ्याच्यानं होणार नाही.

संध्याकाळी डबे घासायला काढायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे ठेवलेलं होतं. अठ्ठ्याहत्तरीतही ते त्यांनी सोडलं नव्हतं. एका मंगळवारी मी घरी आले तर त्या ओट्याशी माझा उघडा डबा घेऊन उभ्या होत्या. दुधीची भाजी जशीच्या तशी होती.

"हा डबा रोज भरलेला वापस येऊन राहिला आहे," त्या म्हणाल्या. "ऐसा किती दिवस चालणार?"

"भूक नसते, आई."

"भूक नसते तर कचोरीचा वास कसा येतो तुझ्या ओढणीला?"

त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, मलाही बसायची खूण केली. मग पदराशी चाळा करत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मला एक सांग. लागतं कसं ते?"

"काय?"

"तेच. मटण."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण त्या वाट बघत होत्या. मग मी सांगायला लागले. सुरुवातीला अडखळत, नंतर नीट. दाताखाली काहीतरी येतं, थोडं ओढावं लागतं. घास लवकर संपत नाही. रश्श्यावर लाल तर्री असते, ती भाकरीला लागते. आणि जेवल्यावर संध्याकाळपर्यंत पोट कसं शांत असतं.

"आणि वास?"

"वास बराचसा मसाल्याचाच. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, लसूण, तीळ, खसखस."

"म्हणजे इतकी वर्षं मी दार लावून बसायची, ते खोबऱ्याच्या वासासाठी?"

"बरंचसं," मी म्हणाले.

त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. त्यांना इतकं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं होतं. मग उठता उठता म्हणाल्या, "तुझ्या आईला फोन लाव."

माझी आई आणि सासूबाई दिवाळीला, संक्रांतीला फोनवर बोलत, तब्येतीची चौकशी करत आणि फोन ठेवत. त्या दिवशी फोन स्पीकरवर होता, मांडीवर एक जुनी वही होती आणि सासूबाई रश्श्याची कृती लिहून घेत होत्या.

"आधी मटणाला हळद-मीठ चोळून ठेवायचं," आई सांगायला लागली.

"ते सोडा. पुढचं सांगा."

"मग ते शिजवून त्याचं अळणी पाणी काढायचं..."

"ते पण सोडा."

"अहो विहीणबाई, मग राहिलं काय?"

"तेच तर विचारून राहिले आहे मी!"

दोघीही हसत सुटल्या. आठ दिवसांनी कोल्हापूरहून कुरिअरनं कांदा-लसूण मसाल्याचा डबा आला. तो बाल्कनीत गेला नाही. सासूबाईंनी तो स्वयंपाकघरात, हळदीच्या डब्याशेजारी ठेवला.

पहिला प्रयोग सोयाबीनच्या वड्यांचा. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की हे अगदी मटणासारखंच. वड्या पाण्यात भिजवल्या, पण पिळल्याच नाहीत, तशाच रश्श्यात सोडल्या. ऑफिसात पहिला घास घेतला तर तोंडात वडीतलं बेचव पाणी पसरलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "दहापैकी किती?"

"नऊ," मी म्हणाले.

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आत सात वड्या होत्या. "नऊवाला डबा ऐसा वापस येतो का? सच सांग."

"तीन."

"हं. आता झालं ना बोलणं," त्या म्हणाल्या आणि वहीत तीनचा आकडा लिहिला.

त्यानंतर मी खोटं बोलले नाही. फणस आणला तेव्हा बाजारात कोवळा मिळाला नाही. त्यांनी हाताला तेल लावून तो तासभर चिरला, आणि शिजल्यावर त्याचा लगदा झाला. चार. सुरणाचे काप चिंचेच्या पाण्यात उकडून, वरून तिखट-मीठ आणि रवा लावून तव्यावर खरपूस केले, त्या दिवशी मात्र मी डबा रिकामा करून घरी आणला. मासे तळतात तसे झाले होते, हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी क्षणभर तोंड वाकडं केलं, मग आकडा लिहून घेतला. सात. काळे चणे रात्रभर भिजवून, भाजलेल्या खोबऱ्यात सुके केले. चावायला भरपूर, आणि साडेतीनला भूक लागली नाही. माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले की मी टॉवर चौकातून सरळ घरी येतेय.

अख्खा मसूर मात्र पाचावर अडून बसला. माझ्या आईचा मसूर म्हणजे दाट, तेलाचा तवंग असलेला, भाकरीनं उचलून खायचा. सासूबाईंचा व्हायचा वरणासारखा. मसाला तोच, मसूर तोच, पण चव येईना. त्यांनी तीन वेळा केला. तिसऱ्यांदा वही बंद करून म्हणाल्या, "तू काहीतरी छुपवतेस."

"मी काय लपवू? आईनं सांगितलं तेच तुम्ही करताय."

"तू स्वतः रस्सा करतेस तेव्हा कसा करतेस?"

ते मला सांगता येईना. हात आपोआप चालायचे.

महिन्यातल्या माझ्या दोन रविवारांपैकी एक आला. मी बाल्कनीत शेगडी पेटवली, खोबरं भाजून वाटण केलं आणि तेलात टाकलं. मागे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. वळून बघितलं तर बाल्कनीच्या दारात सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पदराची चौपदरी घडी करून नाकाला धरलेली.

"आई, तुम्ही इथे?"

"तू तुझं कर. मी फक्त मसाला बघून राहिले आहे. ते दुसरं पातेलं झाकून ठेव."

मी मटणाच्या पातेल्यावर ताट ठेवलं. वाटण परतत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

"अजून? जळेल ना."

"नाही जळत. गॅस बारीक आहे. कडेनं तेल सुटेपर्यंत परतायचं."

"तुझ्या आईने हे सांगितलंच नव्हतं!"

"तिला वाटलं असेल, हे काय सांगायचं."

तेल सुटलं, रंग गडद झाला. सासूबाईंनी नाकावरचा पदर जरासा खाली केला, एकदा वास घेतला, मान हलवली आणि खुर्ची उचलून आत गेल्या. त्यांनी ते कसं सोसलं असेल, कुणास ठाऊक. मी वाटण ढवळत राहिले आणि मला रडू आलं, धुरानं नव्हे.

मंगळवारचा मसूर दाट होता. मी आठ सांगितले. त्या म्हणाल्या, "दोन कशाचे कापलेस?" मी म्हणाले, "भाकरीचे." ज्वारीची भाकरी त्यांना कधी जमली नाही. पण त्यातूनच त्यांना बाफले सुचले. माळव्यात रविवारी घरोघरी होणारे कणकेचे गोळे, हळदीच्या पाण्यात उकडून मग भाजलेले. एरवी ते तुपात बुडवून डाळीबरोबर खायचे. त्यांनी बाफल्याचे तुकडे केले, तूप न लावता तव्यावर कडक केले आणि तांबड्या रश्श्याबरोबर दिले. बिना तुपाचा बाफला पानात वाढताना त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू एखाद्या पाहुण्याचा अपमान करतायत. पण तो रश्श्यात बुडवला की बाहेरून मऊ, आत चिवट राहायचा. घास लवकर संपत नव्हता. त्या दिवशी मी आकडा सांगितलाच नाही. दुसरी वाटी मागितली.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "काफी ठीक है. जो कर रही हैं, करती रहिए." बाहेर स्कूटरपाशी नवऱ्यानं कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि स्कूटर सुरू केली. घराच्या दारातून आत शिरताच त्यानं ओरडून सांगितलं, "आई, पास!"

थंडीत माझी आई महाकालाच्या दर्शनाला म्हणून आली. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी तिला बाफले आणि रस्सा वाढला. आयुष्यभर मटण शिजवलेली बाई. तिनं घास घेतला, सावकाश चावला.

"मटण नाही हे कळतंय," ती म्हणाली. "पण अजून एक वाढा."

सासूबाईंनी वाढलं. आईनं दुसरा घास उचलला आणि तो हातातच राहिला. ताटाकडे बघत ती म्हणाली, "ह्यांना असं काही करून घालायला हवं होतं मी. ह्यांना आवडतं म्हणून रोज तेच घालत राहिले."

एवढ्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. सासूबाईंनी पळी खाली ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तेव्हा कोणाला कुठे माहीत होतं, विहीणबाई? तुम्ही मायेनंच घातलं ना. जेवा. गार होऊन राहिलं आहे."

आईनं डोळे पुसले आणि ती जेवली. मग ताट उचलता उचलता म्हणाली, "खोबरं अजून जरा काळं चाललं असतं."

"आणखी काळं?" सासूबाई म्हणाल्या. "मग आता तुम्हीच दाखवा."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. नंतर चार दिवस त्यांना माझी गरज नव्हती. एक दिवस रिक्षा करून दोघीच भैरवगढला गेल्या आणि छापाच्या चादरी घेऊन आल्या, एकाच रंगाच्या. त्या दिवशी सकाळी निघायच्या गडबडीत दोघींनी माझा डबा भरला होता. एकीनं भरलाय हे दुसरीला बहुधा माहीत नव्हतं. ऑफिसात पिशवी उघडली तर आत दोन डबे. एकात मसूर आणि आईच्या हातची भाकरी, दुसऱ्यात सुरणाचे काप, चणे आणि वर लिंबाची फोड.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वाकून बघत म्हणाली, "दीदी, आज कोई त्योहार है क्या?"

"नहीं," मी म्हणाले. "कुर्सी इधर ले आओ."