खारट बर्फ

कृष्णाबाई विसरणारी बाई नव्हे. मूळची उरणच्या मोरा बंदरातली कोळीण, पनवेलच्या मासळीबाजारात तीस वर्षं बसलेली. कोणी तिच्या ताज्या सुरमईला शिळी म्हटलं, तर ते तोंड ती दहा वर्षांनीही ओळखायची. हरेशने तर तिचं फूल पळवलं होतं.

सुकापूरला तिच्या घरापासून चार पावलांवर हरेशची नर्सरी. सून अंकिताने दार्जिलिंगहून सिम्बिडियम ऑर्किडची दोन रोपं आणली, तेव्हा पहिला हसला तो हाच. "मावशे, ही थंडीतली झाडं हायेत. पनवेलात फुलं नाय यायची. पानांची भाजी कर."

झालं, बाई पेटली. या ऑर्किडला फुलायला महिना-दीड महिना गार रात्री लागतात, हे अंकिताने मोबाइलवर वाचून दाखवलं. मासळीची थर्माकोलची पेटी होतीच. कृष्णाबाईने तिच्यात बाजारातला उरलेला बर्फ भरला आणि कुंडी ठेवली. पंधरा दिवसांत एक रोप मेलं. मासळी आणखी गार राहावी म्हणून बर्फात खडेमीठ टाकतात, ते पाण्यात विरघळून मुळांत उतरलं होतं. उभा जन्म बर्फात घालवलेल्या बाईला एवढं सुचू नये! मग तिने नळाचं पाणी बाटल्यांत गोठवलं. संध्याकाळी बाटल्या दुसऱ्या कुंडीभोवती रचायच्या, वर ओलं गोणपाट टाकायचं, सकाळी कुंडी बाहेर. दोन हिवाळे फुकट गेले. तिसऱ्याला फुलांचा दांडा आला आणि अकरा पोपटी फुलं उघडली.

"प्रदर्शनात ठेवतो, तुझं नाव लावतो," म्हणून हरेश कुंडी घेऊन गेला. पहिलं बक्षीस मिळालं. पाटीवर नाव हरेशचं, पेपरात फोटो हरेशचा, आणि कुंडी त्याने तिथल्या तिथे विकून टाकलेली. ती जाब विचारायला गेली, तर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "मासळीवालीचं नाव लावलं असतं तर बघायला कोण थांबलं असतं?"

ती घरी येऊन संतापाने रडली. त्यानंतर त्याच्या दारावरून जाताना तिने कधी मान वळवली नाही.

पुढच्या वर्षी हरेशने साठ रोपं मागवली. एकालाही दांडा येईना, तेव्हा गडी निमूट तिच्या ओट्यावर येऊन बसला. "मावशे, काय केलंस तवा, सांग ना."

"पेटीत बर्फ घालायचा नि कुंडी ठेवायची," ती म्हणाली. "आमाला दुसरं काय येतंय?"

कुठला बर्फ, कसा ठेवायचा, हे त्याने विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं का, देव जाणे. त्याने विचारलंच नाही. मासळीवालीकडून आणखी काय शिकायचं? दुसऱ्याच दिवशी त्याचा टेम्पो बाजाराच्या मागे उभा राहिला, आणि पेट्यांतला टाकाऊ बर्फ तो भरून घेऊ लागला. पापलेट कापता कापता कृष्णाबाईचा हात थांबला. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. तिने पुढचं पापलेट उचललं. तीन आठवडे टेम्पो येत राहिला, आणि तीन आठवडे तिला छान झोप लागली.

टेम्पो यायचा बंद झाला, तशी ती नर्सरीत गेली. बघायचंच होतं तिला. साठही कुंड्यांतली पानं करपून लोळत होती. हरेश एक रोप उपटून, काळी मुळं हातात घेऊन बसला होता.

"मावशे, काय झालं गं यांना?"

"मीठ," ती म्हणाली. "मासळीच्या बर्फात मीठ असतंय. माझं पहिलं रोप असंच मेलं."

"नि तू मना बोलली नाय?"

"नाय बोलले."

हरेशची मान खाली गेली. कृष्णाबाईच्या काळजाला थंडावा मिळाला, खोटं कशाला बोला. झाडांचं तेवढं वाईट वाटलं. त्याच्या हातातल्या रोपाच्या बुडाशी, करपलेल्या पानांआड, बोटभर दांडा निघाला होता. मीठ नसतं तर ते फुललं असतं. हरेशला अजून तो दिसला नव्हता. तिने वाकून पानं बाजूला केली आणि त्याला दाखवला.