मंजुळाने मोडलेली घडी

आधीच सांगते, भूतखेत, करणी-बिरणी यावर माझा काडीचाही विश्वास नाही. कोणी दृष्ट काढायला बसलं तरी मला हसू येतं. तरीही हे लिहितेय...

आम्ही गंगापूर रोडला राहतो. नवरा अंबडला एका कंपनीत आहे आणि उरलेला सगळा वेळ मंजुळाचा! मंजुळा म्हणजे इंग्रजांच्या काळात पंचवटीत खून झालेली एक तरुण बाई. खुनी सापडलाच नाही, त्यामुळे लोकांची हौस अजून फिटलेली नाही. नवऱ्याचं त्या केसवर यूट्यूब चॅनल आहे. ती कशी हसायची, तिला मोरपंखी रंग किती आवडायचा, याला सगळं पाठ. माझा आवडता रंग विचारा — लगेच विषय बदलतो! मेलेल्या बाईवर जळतेस म्हणून मैत्रिणी चिडवायच्या. जळायचेच मी.

लग्नाच्या वाढदिवसाला पैठणी घ्यायला येवल्याला गेलो. मला डाळिंबी हवी होती. यानं मोरपंखी उचलली. घरी येऊन ती व्हिडिओत दाखवली आणि वर म्हणाला, "हिची घडी मोडायचा मान मंजुळाचा!"

आमच्याकडे नवी साडी आधी नणंदेला नाहीतर मैत्रिणीला नेसायला देतात. तिनं घडी मोडली की मग आपण नेसायची. तो मान यानं तिला दिला... माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. साडी कपाटात कोंबली आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

भाच्याच्या लग्नाला नेसायची म्हणून काढली, तर घडी मोडलेली! निऱ्यांच्या चुण्या, कमरेला खोचल्याच्या खुणा, पदराला कुंकवाचा डाग. आणि निऱ्या माझ्या उंचीच्या नव्हत्याच, चांगल्या वीतभर आखूड होत्या.

"तू नेसलीस का?" नवऱ्यानं विचारलं.

"कपाट बंद होतं. किल्ली माझ्याकडे आहे."

मला वाटलं, आता हा घाबरेल. त्यानं पदरावरून हात फिरवला आणि त्याचे डोळे भरून आले. "आली होती गं," म्हणाला. माझ्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा हा माणूस रडला नव्हता! भीती राहिली बाजूला, मी पेटलेच.

मग हट्टानं तीच नेसून लग्नाला गेले. सगळा वेळ नवऱ्याची नजर माझ्यावर. मला जेवायला स्वतः वाढून आणलं, गर्दीत हात धरला... इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

ती साडी कोण नेसलं, कसं, हे मला आजही सांगता येत नाही. नणंद म्हणते, "वहिनी, गंगेत सोडून द्या ना ती."

कशी सोडू? आता प्रत्येक सणाला मी तीच नेसते. तेवढा वेळ तरी तो माझ्याकडे बघतो — मंजुळासाठी का होईना.